संगणकदान आणि त्याची दक्षिणा

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वार्षिक मेळाव्यात दोन शब्द बोलावेत अशी आज्ञा कार्यवाहांनी केली, तेव्हा विषय कोणता घ्यावा हा प्रश्न माझ्यापुढे उभा राहिला. ज्ञातीचा पूर्वेतिहास, वधूवरसंशोधन, विवाहातील वाढता खर्च या विषयांवर या व्यासपीठावरून माझ्यापेक्षा अधिकारी व्यक्तींनी वेळोवेळी विवेचन केलेले आहे. म्हणून मी एक साधा, घरगुती आणि काहीसा यांत्रिक विषय निवडला आहे. आपल्या घरांत, दुकानांत आणि कचेऱ्यांत वापरातून निवृत्त होऊन पडलेले जे संगणक आहेत, ते दुरुस्त करून गरजू विद्यार्थ्यांना आणि शाळांना द्यावेत, अशी सूचना मंडळापुढे आली आहे. सूचना उत्तम आहे. परंतु ती अमलात कशी आणावयाची यावर तिचे पुण्य अवलंबून आहे. विषय लहान दिसला तरी दान म्हणजे नेमके काय, हा फार जुना प्रश्न त्याच्या पोटात दडलेला आहे.

आपल्यासारख्या ज्ञातिसंस्था जन्मास आल्या त्या मुख्यतः विद्येच्या गरजेतून. खेड्यातील हुशार मुलगा शहरात शिकावयास आला तर त्याने राहावे कोठे आणि जेवावे कोठे, हा त्या काळचा प्रश्न होता. कोल्हापुरात राजर्षी शाहू छत्रपतींनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगची स्थापना केली आणि पुढे निरनिराळ्या जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहांची मालिकाच त्या नगरीत उभी राहिली. ठिकठिकाणच्या ज्ञातिसंस्थांनी आपापल्या शक्तीप्रमाणे तोच कित्ता गिरवला. वसतिगृहे झाली, शिष्यवृत्त्या झाल्या, आणि ज्यांना याहून मोठे काही करणे शक्य नव्हते त्यांनी जुन्या पाठ्यपुस्तकांच्या पेढ्या चालविल्या.

या पुस्तकपेढ्यांचे काम ज्यांनी पाहिले असेल त्यांना आठवेल की, जुने पुस्तक आले तसे पुढे दिले जात नसे. आधी त्याची पाने मोजली जात, सुटलेली पाने खळीने चिकटवली जात, समासातील पेन्सिलीच्या खुणा खोडून काढल्या जात, वर खाकी कागदाचे वेष्टन चढे, आणि मगच ते पुढच्या विद्यार्थ्याच्या हाती जाई. ज्याची निम्मी पानेच गेली आहेत असे पुस्तक कोणी कोणास देत नसे; ते रद्दीत जाई. जुने देण्यात कमीपणा नव्हता; कारण देण्यापूर्वी ते घेणाऱ्याच्या योग्य करण्याची रीत होती. आज मला जे सांगावयाचे आहे ते याहून फारसे निराळे नाही. फक्त पुस्तकाच्या जागी यंत्र आले आहे, आणि यंत्राची गळालेली पाने डोळ्यांना दिसत नाहीत.

प्रथम गरजेचा विचार करू. कोणी म्हणेल, आज घरोघरी मोबाईल आहे. मग संगणकाचे एवढे कौतुक कशाला? या आक्षेपात तथ्य नाही असे नाही. मोबाईलवर वाचता येते, ऐकता येते, पाहता येते. परंतु दहा पानांचा प्रकल्प लिहिणे, हिशेबाचा तक्ता मांडणे, दोन मजकूर शेजारी ठेवून ताडून पाहणे, आज्ञावली लिहावयास शिकणे, ही कामे तळहाताएवढ्या पडद्यावर धड होत नाहीत. टंकलेखनाची शासकीय परीक्षा आता संगणकावर होते. अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठीची जेईई मेन काय किंवा आपल्या राज्याची एमएचटी-सीईटी काय, या परीक्षा संगणकापुढे बसूनच द्याव्या लागतात. ज्या मुलाने वर्षभर मनोभावे अभ्यास केला, परंतु ज्याने माऊस प्रथम हातात धरला तो परीक्षा-केंद्रात, त्या मुलाची बुद्धी कमी पडली असे कोण म्हणेल? त्याचा हात कमी पडला. आणि हात तयार करणे हे श्रीमंती वा गरिबीवर अवलंबून राहावे, ही गोष्ट आपल्यासारख्या विद्याप्रेमी समाजास शोभणारी नाही.

केंद्र सरकारच्या यूडायस प्लस या शालेय नोंदणीनुसार २०२३-२४ साली देशातील ५७.२ टक्के शाळांत संगणकाची सोय होती. २०२४-२५ साली हे प्रमाण ६४.७ टक्क्यांवर गेले. प्रगती आहे आणि ती स्वागतार्ह आहे. तरीही शंभरातील पस्तीस शाळा उरतातच. शिवाय शाळेच्या दप्तरी संगणक असणे आणि मुलाच्या हाताखाली तो असणे, या दोहोंमध्ये अंतर आहे. त्याविषयी पुढे बोलणार आहे.

आता दुसऱ्या बाजूस पाहा. मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीचा सर्वसाधारण पाठिंबा थांबविला. काही मर्यादित मुदतवाढीची सोय ठेवली इतकेच. तिच्या जागी आलेली विंडोज ११ ही प्रणाली साधारणतः २०१८ पूर्वीच्या बहुतेक यंत्रांवर अधिकृतपणे चढत नाही. याचा परिणाम असा की, ज्यांचा पडदा स्वच्छ आहे, कळफलक शाबूत आहे, पंखा फिरतो आहे, अशी धडधाकट यंत्रे कचेऱ्यांतून बाहेर पडू लागली आहेत. यंत्र म्हातारे झाले म्हणून नव्हे, तर त्याच्यासाठी नवा अंगरखा कोणी शिवत नाही म्हणून ते टाकून द्यावयाचे, असा हा प्रकार आहे.

आणि टाकून द्यावयाचे ते काय? मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आपल्या शास्त्रज्ञांनी बांधलेला टिफ्रॅक हा संगणक १९६० साली रीतसर कार्यान्वित झाला. त्याची स्मृती चाळीस अंकांच्या २,०४८ शब्दांची, म्हणजे आजच्या मापाने सुमारे दहा किलोबाइट होती. एवढ्या सामग्रीवर देशातील विद्वानांनी संशोधनाची गणिते सोडविली. आज आपल्या माळ्यावर धूळ खात पडलेल्या चार गिगाबाइटच्या संगणकाची स्मृती त्याच्या चार लाख पटींहून अधिक आहे. तो निरुपयोगी झाला असे म्हणताना आपली जीभ थोडी अडखळावयास हवी.

त्या यंत्राच्या जन्मास लागलेली सामग्रीही ध्यानात घेण्याजोगी आहे. संयुक्त राष्ट्र विद्यापीठाच्या २००४ सालच्या एका अभ्यासात त्या काळच्या एका संगणकाचा, सतरा इंची पडद्यासह, हिशेब मांडला होता. तो एक संगणक तयार होईपर्यंत सुमारे २४० किलो खनिज इंधन, २२ किलो रसायने आणि १,५०० किलो पाणी खर्ची पडत असे. म्हणजे यंत्र आपल्या घरी येऊन पहिल्यांदा सुरू होण्यापूर्वीच पृथ्वीने त्याची मोठी किंमत मोजलेली असते. ते यंत्र चार वर्षांऐवजी आठ वर्षे वापरले, तर ती किंमत दुप्पट काळावर वाटली जाते. उलट ते भंगारात गेले तर काय होते, हे दिल्लीच्या सीलमपूरसारख्या वस्त्यांत पाहावयास मिळते. तांब्यासाठी तारा जाळल्या जातात, सोन्याच्या कणांसाठी पाट्या आम्लात बुडविल्या जातात, आणि जुन्या पडद्यांतील शिसे व पारा माणसांच्या श्वासात आणि पाण्यात उतरतो. २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन विद्युत कचरा निर्माण झाला आणि त्यातील केवळ २२.३ टक्के कचऱ्याचे रीतसर संकलन व पुनर्चक्रीकरण झाल्याची नोंद आहे.

इतके ऐकल्यावर आपणांस वाटेल की, मग विचार कसला करावयाचा? घरोघरचे संगणक गोळा करावेत, टेम्पोत भरावेत आणि एखाद्या आडगावच्या शाळेत नेऊन उतरवावेत. सभ्य स्त्रीपुरुषहो, नेमके येथेच आपण थांबावयास हवे.

कठोपनिषदाच्या आरंभी एक प्रसंग आहे. नचिकेताच्या पित्याने सर्वस्वदानाचा यज्ञ आरंभिला आणि दक्षिणा म्हणून गायी देऊ लागला. पण त्या गायी कशा होत्या? दूध आटलेल्या, जराजर्जर, पुन्हा वासरू होण्याची आशा नसलेल्या. लहानग्या नचिकेताच्या मनात श्रद्धा जागी झाली आणि त्याला कळले की, असे दान देणाऱ्याला सुखाचे लोक मिळणार नाहीत. मग त्याने, मला कोणास देणार, असे पित्यास पुनःपुन्हा विचारले. त्या उपनिषदातील थोर आत्मविद्येचा उगम असा एका निकस दानाविषयी एका मुलाला पडलेल्या शंकेत आहे. दूध आटलेली गाय घेणाऱ्याच्या दारात बांधली, म्हणजे तिच्या वैरणीचा भार आपण त्याच्यावर टाकला. त्याला गाय मिळाली नाही. आपली अडगळ मात्र हलली.

संगणकाच्या बाबतीत हे शब्दशः खरे आहे. सरकारी वा अनुदानित शाळेत एखादी वस्तू आली की ती जडसंग्रह नोंदवहीत, म्हणजे ज्याला आपण डेडस्टॉक रजिस्टर म्हणतो त्यात, चढते. एकदा चढलेली वस्तू मोडली म्हणून मुख्याध्यापकांना ती आपल्या मनाने टाकून देता येत नाही. तिच्या निर्लेखनाची रीतसर मंजुरी घ्यावी लागते. बदलीच्या वेळी ती मोजून ताब्यात द्यावी लागते. म्हणून बिघडलेले यंत्र वर्षानुवर्षे एखाद्या खोलीत कुलपात राहते. ज्या शाळेत वर्गांनाच खोल्या अपुऱ्या, तेथे आपल्या औदार्याने एक खोली अडते. काही शाळांत यंत्रे चालू असूनही तीच गत होते. त्यांना शिवलेली आवरणे घातलेली असतात, खंडेनवमीस त्यांना हळदकुंकू वाहिले जाते, आणि पुन्हा वर्षभर आवरण चढते. बिघडले तर कोण दुरुस्त करणार, या भीतीने गुरुजी मुलांना हात लावू देत नाहीत. त्यांचा दोष मी मानीत नाही. ज्याच्या मागे दुरुस्तीचा आधार नाही, त्याने वस्तू जपून ठेवावी हा शहाणपणाच आहे.

याचा एक उत्तम दाखला आपल्या शेजारच्या राज्यातील, परंतु मराठी माणसास परका नसलेल्या बडोदे शहरात सापडतो. श्रीमंत सयाजीराव गायकवाड महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात आणि १९०६ साली सर्व राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, हे सर्वश्रुत आहे. परंतु मुले शिकली तरी पुढे वाचावयास काही नसेल तर शिक्षण विसरते, हे जाणून त्यांनी १९१० साली अमेरिकेतून विल्यम बोर्डन या ग्रंथपालास बोलाविले आणि राज्यभर ग्रंथालयांचे जाळे विणले. त्यात फिरत्या ग्रंथपेट्या होत्या. पुस्तकांची पेटी गावात जाई, वाचून झाली की परत येई, आणि तिच्या जागी दुसरी जाई. महाराजांनी गावांना नुसती पुस्तके दिली नाहीत. पेटी नेणारा, आणणारा, नोंद ठेवणारा माणूस दिला.

त्याच बडोद्यात २००० साली गुजरात सरकारने महानगरपालिकेच्या शंभर प्राथमिक शाळांना प्रत्येकी चार संगणक दिले. दोन वर्षांनी पाहणी झाली, तेव्हा मुलांच्या प्रत्यक्ष वापरात ते फारच थोड्या शाळांत असल्याचे आढळले. त्यानंतर मुंबईत स्थापन झालेल्या ‘प्रथम’ या संस्थेने त्यांतील निम्म्या शाळांत एक उपक्रम सुरू केला. वस्तीतीलच तरुणांना थोडे प्रशिक्षण देऊन नेमले; चौथीच्या मुलांना, दोघांत एक यंत्र याप्रमाणे, आठवड्याला दोन तास गणिताचे खेळ खेळावयास दिले. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या मुलांची इतर शाळांतील मुलांशी तुलना केली. तो अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. गणितात या मुलांची प्रगती ठळकपणे अधिक होती. पण उपक्रम थांबल्यानंतर एका वर्षाने पाहिले, तर त्या लाभाचा बराचसा भाग ओसरून गेला होता. यंत्रे तीच, शाळा त्याच, मुलेही त्याच वस्तीतील. माणूस आला तेव्हा यंत्र बोलू लागले. माणूस गेला तेव्हा शिकवलेले पुसट होऊ लागले.

हा अनुभव एकट्या बडोद्याचा नाही. दक्षिण अमेरिकेतील पेरू देशात सरकारने ग्रामीण शाळांतील मुलांना मोठ्या प्रमाणावर लहान संगणक वाटले, आणि तेही कोरे करकरीत. तेथील ३१९ प्राथमिक शाळांचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. मुलांच्या हाती संगणक भरपूर आले होते. परंतु सव्वा वर्षानंतरही गणित आणि भाषा या विषयांत त्यांच्या गुणांवर परिणाम आढळला नाही. नवी यंत्रे देऊनही जे साधले नाही, ते आपण जुनी यंत्रे देऊन आपोआप साधेल असे मानणे भोळेपणाचे होईल.

तेव्हा माझे म्हणणे एका वाक्यात सांगावयाचे तर असे : दक्षिणेवाचून दान पुरे होत नाही, असे आपल्या वाडवडिलांनी सांगितले, आणि संगणकदानाची दक्षिणा म्हणजे ते यंत्र चालते ठेवण्याची जबाबदारी होय. जो ही दक्षिणा देऊ शकत नाही त्याने दान देऊ नये. आपला संगणक नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण केंद्राकडे पाठवावा. त्यातही समाजाचे हितच आहे.

ही दक्षिणा कशी द्यावयाची, हे आता थोडक्यात सांगतो. कारण वस्तूची माहिती नसेल तर सद्भावना पांगळी राहते.

पहिले काम म्हणजे निवड. ज्याचा पडदा काचेच्या जाड नळीचा आहे, ज्यात स्मृती, म्हणजे रॅम, चार गिगाबाइटहून कमी आहे, ज्याची बॅटरी फुगली आहे, असे यंत्र दानाच्या ढिगात घेऊच नये. फुगलेली बॅटरी तर आगीस निमंत्रण असते. ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेले आहेत. जुनी यंत्रे दुरुस्त करून पुन्हा बाजारात आणणारे आणि पुनर्चक्रीकरण करणारे, या दोघांनाही त्यान्वये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. आपले निकामी यंत्र रस्त्यावरच्या भंगारवाल्यास न देता अशा नोंदणीकृत ठिकाणी द्यावे.

दुसरे काम म्हणजे मागचे पुसणे. संगणकात आपल्या बँकेचे उतारे, आधारपत्राच्या प्रती, मुलींची छायाचित्रे, दुकानाचे हिशेब असतात. फाइल काढून टाकली किंवा डिस्क वरवर फॉरमॅट केली म्हणजे मजकूर गेला, ही समजूत चुकीची आहे. साध्या साधनांनीही तो पुन्हा वर काढता येतो. फिरत्या तबकडीच्या डिस्कवर सर्वत्र नवा मजकूर लिहून जुना झाकावा लागतो, आणि एसएसडी असेल तर तिच्या अंगच्या पुसण्याच्या आज्ञेचा उपयोग करावा लागतो. हे काम मंडळाच्या देखरेखीखाली व्हावे आणि दात्यास तसे लेखी द्यावे. त्यावाचून व्यापारी बंधू आपल्या कचेरीतील यंत्रे विश्वासाने देणार नाहीत, आणि त्यांनी का द्यावीत?

तिसरे काम दुरुस्तीचे. जुना संगणक मंद चालतो तो बहुधा त्याच्या फिरत्या तबकडीमुळे. ती काढून तेथे लहानशी एसएसडी बसविली आणि रॅम आठ गिगाबाइट केली, तर यंत्रास नवे तारुण्य आल्यासारखे वाटते. आतील धूळ फुंकून काढावी, प्रोसेसरवरील वाळलेला लेप खरवडून नवा लावावा. पाटीवर बटनाएवढा एक सेल असतो. तो संपला की यंत्राची तारीख चुकते, आणि तारीख चुकली की सुरक्षित संकेतस्थळे उघडेनाशी होतात. गुरुजींना वाटते इंटरनेट बंद पडले. अशा एका क्षुल्लक सेलापायी चांगली यंत्रे कोपऱ्यात जातात.

चौथे काम प्रणालीचे. चोरीची प्रत चढवून विद्यादान करू नये. ते शोभत नाही. लिनक्स या कुळातील प्रणाली विनामूल्य मिळतात आणि जुन्या यंत्रांवर सुखाने चालतात. लिब्रेऑफिस हे लेखन-हिशेबाचे साधन विनामूल्य असून त्यातील सूचना मराठीतही दिसतात. बालभारतीची पाठ्यपुस्तके आणि मुक्त ज्ञानाचे संग्रह यंत्रात आधीच भरून ठेवले, तर जेथे इंटरनेट नाही तेथेही मुलांना वाचावयास पुष्कळ मिळते. केरळ राज्याने हे फार मोठ्या प्रमाणावर करून दाखविले आहे. तेथे २००१ साली सुरू झालेल्या शालेय संगणक-प्रकल्पाने पुढे मुक्त प्रणालीचा अंगीकार केला, आणि २०१८ पासून माध्यमिक शाळांत विद्यार्थ्यांचीच ‘लिटल काइट्स’ नावाची मंडळे स्थापन झाली. शाळेतील यंत्रांची निगा राखण्यास ही मुले हातभार लावतात. ज्या मुलाला यंत्र उघडून पाहण्याची मुभा आहे, त्याला यंत्राचे भय राहत नाही.

पाचवे आणि सर्वांत अवघड काम माणसाचे. शाळेस दिलेल्या प्रत्येक यंत्रसंचामागे आपल्या ज्ञातीतील एक तरुण वा तरुणी ‘पालक’ म्हणून नेमावी. त्या व्यक्तीने किमान एक वर्ष, महिन्यातून एकदा शाळेत जाऊन यंत्रे पाहावीत, लहानसहान बिघाड दूर करावेत, दोनचार मुलांना हाताशी धरून निगा शिकवावी. मोठा बिघाड झाला तर मंडळाने यंत्र परत घेऊन दुसरे द्यावे, आणि यंत्राचे आयुष्य सरले की ते उचलून नेण्याची हमी आरंभीच शाळेशी लेखी करावी. सयाजीराव महाराजांची फिरती पेटी ती हीच.

यासाठी पैसा लागेल. प्रत्येक दात्याने यंत्राबरोबर एक लहानशी रक्कम दुरुस्ती-निधीस द्यावी, अशी माझी सूचना आहे. एक एसएसडी, एक नवा माऊस आणि वर्षभराची देखभाल भागेल एवढी ती असावी. तीच रोख दक्षिणा. ज्यांच्याजवळ द्यावयास यंत्र नाही त्यांनी केवळ दक्षिणा द्यावी, आणि ज्यांच्याजवळ दोन्ही नाही त्यांनी आपला रविवार द्यावा. आपल्यांत निवृत्त अभियंते आहेत, शिक्षिका आहेत, दुरुस्तीची दुकाने चालविणारे आहेत, आणि स्क्रू कोणता कोठला हे माझ्याहून चांगले जाणणारी कॉलेजची मुले आहेत. भगिनींनी नोंदवही आपल्याकडे घ्यावी असे मी आग्रहाने सुचवितो. घरातील भांड्याला भांडे जिने मोजून ठेवले, तिच्या नजरेतून यंत्र सुटणार नाही.

आता शेवटचा आणि नाजूक प्रश्न. ही यंत्रे द्यावयाची कोणास? काही सभासदांचे म्हणणे असे की, मंडळ ज्ञातीचे आहे, निधी ज्ञातीचा आहे, तेव्हा लाभ ज्ञातीतील गरजूंनाच मिळावा. या म्हणण्यामागील आपुलकी मी समजू शकतो. आपल्यांतही अशी घरे आहेत, जेथे मुलगी टंकलेखन शिकू इच्छिते पण सरावास यंत्र नाही; जेथे कर्ता पुरुष गेल्यावर वहिनींनी शिवणकामाचा धंदा उभा केला आहे आणि हिशेब कागदाच्या चिठ्ठ्यांवर चालतो. त्यांची विचारपूस आपण अवश्य करावी, आणि ती अशी करावी की देणाऱ्याचा हात वर दिसू नये.

परंतु शाळेच्या बाबतीत ही मर्यादा टिकत नाही. शाळेत ठेवलेल्या संगणकापुढे कोण बसणार? जिल्हा परिषदेच्या वर्गात एका बाकावर सर्व जातींची मुले बसतात. त्यांतील एकास यंत्र दाखवावे आणि दुसऱ्यास दूर बसवावे, ही कल्पनाही आपणांस सहन होणार नाही. कित्येक गावांत आपले एकही घर नाही, पण गरज तेथेच सर्वांत अधिक आहे. अंध विद्यार्थ्यांचा विचार करा. पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखविणारी एनव्हीडीए ही विनामूल्य प्रणाली मराठीही वाचते. एक जुना संगणक, एक कानाला लावावयाचा संच, आणि त्या मुलास दुसऱ्याच्या डोळ्यांची वाट पाहावी लागत नाही. त्याला जात विचारावयाची काय? ज्ञातीने आपणांस एकत्र आणले, विश्वासाची माणसे दिली, हिशेब ठेवण्याची शिस्त दिली. ही शक्ती ज्ञातीची. तिचा उपयोग मात्र गरजेप्रमाणे व्हावा. विहीर एका कुटुंबाने खणली तरी पाणी तहानेल्याचे असते.

म्हणून माझी मंडळास विनंती आहे की, पहिल्या वर्षी शंभर यंत्रांची घोषणा करू नये. दहाच यंत्रे निवडावीत, दोनच शाळा घ्याव्यात. त्यांतील एक तरी अशी असावी जेथे आपले घर नाही. दोन्ही ठिकाणी पालक नेमावेत आणि नोंद ठेवावी. हारतुरे आणि छायाचित्रे यांचा समारंभ यंत्रे देण्याच्या दिवशी न करता एक वर्षाने करावा, आणि त्या दिवशी दहांपैकी किती यंत्रे चालू आहेत हे सर्वांसमक्ष मोजावे. आठ चालू असतील तर पुढील वर्षी वीस द्यावीत. चारच चालू असतील तर एकही नवे न देता आधी त्या सहांचे काय झाले ते पाहावे. पुढील वर्षाच्या स्मरणिकेत हा आकडा, तो कसाही असला तरी, छापला जावा अशी माझी इच्छा आहे.

 मेळाव्याहून घरी गेल्यावर माळ्यावरचा तो संगणक एकदा खाली काढावा, पुसावा, आणि तो आपल्याच मुलाच्या अभ्यासाच्या टेबलावर ठेवण्याजोगा आहे काय, हे स्वतःस विचारावे. तसा असेल किंवा तसा करता येत असेल, तर तो मंडळाकडे आणावा. कार्यवाह नोंदवही घेऊन बसले आहेत.